परसबाग वाटण्याआधी परडे मोजा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की पोषण परसबागेच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर नेमाने येऊ लागतात. कुठे बचत गटाच्या महिलांना बियाण्यांची पाकिटे दिली जातात, कुठे एखाद्या शाळेची परसबाग तालुक्यात पहिली येते. या उपक्रमाला माझा विरोध नाही. मात्र सिंधुदुर्गात राहणारी आणि आमच्या ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची सदस्य म्हणून काम करणारी बाई या नात्याने मला एक गोष्ट सतत खटकते. परसबाग ही काल-परवा योजनेतून गावात आलेली नवी वस्तू असावी, असा या बातम्यांचा सूर असतो. ज्या घराच्या पुढ्यात पाकीट फोडून गोल वाफे आखले जातात, त्याच घराच्या मागे दोन-तीन पिढ्यांनी राखलेले परडे असते आणि पाहुण्यांपैकी कुणी तिकडे वळूनही पाहत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की नवे काही लावण्याआधी तिथे काय लागलेले आहे याची मोजदाद व्हावी, आणि रोपे व बेणे शक्यतो त्यातूनच काढले जावे.

परडे म्हणजे नेमके काय, हे शहरातल्या वाचकांना कळावे म्हणून आमच्या वाडीतील एका काकींच्या परड्याचे उदाहरण देते. जागा जेमतेम पाच गुंठ्यांची आहे. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे केळीचे बेट आणि त्याच्या पायाशी भाजीचे अळू आहे. काळपट जांभळ्या देठाचे वडीचे अळू मात्र त्यांनी मुद्दाम लांब, विहिरीच्या डोणीजवळ लावले आहे, कारण साबणाच्या पाण्यावर पोसलेल्या पानाची वडी त्यांना चालत नाही. नारळाच्या आळ्यात झाडलोटीचा पातेरा आणि चुलीतली राख पडते, आळ्याच्या कडेने हळद आणि आले असते, आणि कंद भरण्याच्या कितीतरी आधी हळदीची काही पाने नागपंचमीच्या पातोळ्यांसाठी खुडली जातात. पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, मिरवेल चढवलेली आहे, फणसाच्या सावलीत सुरण आहे, दगडी गडग्यालगत कणगी आणि करांदा या कंदांचे वेल पांगाऱ्यावर गेले आहेत. ऊन जिथे पुरेपूर मिळते त्या एकाच कोपऱ्यात मांडव असून त्यावर पडवळ, शिराळी आणि काकडी आहे. पडवळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने बारीक दगड बांधलेला दिसतो. वईत, म्हणजे कुंपणात, अडुळसा, निर्गुडी, शेवगा आणि जास्वंद आहे, दारात अबोली, मोगरा, अनंत, गवती चहा, पानओवा आणि तुळस. यादी करायला बसलो तेव्हा वहीची दोन पाने भरली, आणि टाकळा-कुर्डूसारख्या आपोआप उगवणाऱ्या भाज्या ‘ह्या कसल्या मोजायच्या’ म्हणून काकींनी त्यात धरूच दिल्या नाहीत.

बाहेरच्या माणसाला ही नुसती दाटी वाटते. प्रत्यक्षात कोणत्या झाडाला किती ऊन लागते आणि कोण कोणाच्या सावलीत तग धरतो, याचा हिशेब या दाटीत केलेला असतो. उंचावर नारळ-पोफळ, त्याखाली कोकम, पेरू, केळ, त्याखाली हळद, सुरण, अळू आणि सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वेल, अशी ही मांडणी असते. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने नारळात मिरी, जायफळ, दालचिनी, केळी, अननस घेण्याची जी ‘लाखी बाग’ शेतकऱ्यांपुढे ठेवली, तिचे तत्त्व याहून वेगळे नाही. गोव्यातली कुळागरे याच मांडणीचे मोठे आणि पाटाच्या पाण्यावर पोसलेले रूप आहेत. फरक असा की बागायतदाराचे लक्ष विकल्या जाणाऱ्या मालाकडे असते आणि परड्याचे लक्ष घरच्या ताटाकडे. म्हणूनच परड्यात कुठलीच गोष्ट भारंभार नसते आणि बहुतेक सगळ्या गोष्टी थोड्याथोड्या असतात.

बी-बेण्याची राखण हा तर या कामाचा गाभा आहे. कणगी पावसाच्या तोंडावर लावतात आणि थंडीत काढतात. खणताना खाण्याचे कंद आणि पुढल्या वर्षीच्या बेण्याचे कंद तिथल्या तिथे वेगळे केले जातात. वेलावरचे पहिले चांगले शिराळे काढायचे नसते, ते बियांसाठी वेलावरच वाळू देतात आणि मग चुलीवरच्या आढ्याला टांगून ठेवतात, म्हणजे धुरामुळे त्याला कीड लागत नाही. भोपळ्याचे आणि काकडीचे बी राखेत घोळवून ठेवले जाते. मोठे तवसे, म्हणजे जून काकडी, दोरीने बांधून पडवीत टांगले की दिवाळीपर्यंत टिकते, त्याच्या गराचे धोंडस हे गोड पक्वान्न होते आणि बी पुढल्या पावसाला कामी येते. हे सगळे घरातल्या बाईच्या हातचे काम असते आणि त्याची कुठेही नोंद नसते. कुणाच्या परड्यात मांडवाची काकडी कडू निघते, कुणाचे अळू घशाला खाजत नाही, हे वाडीतल्या बायकांना पाठ असते आणि त्याच माहितीवर बेण्याची देवाणघेवाण चालते.

या विविधतेची कसोटी पाहायची असेल तर ऋषीपंचमीचा दिवस पाहावा. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा आपल्याकडे नेम आहे. म्हणजे नांगरलेल्या शेतातले सगळे धान्य-भाजीपाला बाजूला पडतो आणि ऋषीची भाजी होते ती परड्यातल्या अळू, सुरण, पडवळ, शिराळी, भेंडी, लाल भोपळा, माठाचे देठ आणि मक्याच्या कणसांची. गोकुळाष्टमीला आमच्याकडे आंबोळीबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी लागते, तीही वईतल्या झाडाचीच. चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटवीला बांधायला नारळ, सुपारीचे शिपटे, तवसे, म्हाळुंग लागते, आणि त्यातले बरेचसे पूर्वी घरच्या घरी निघत असे. सणांचा हा सगळा बेत परडे भरलेले आहे असे गृहीत धरून बसवलेला आहे. आता ऋषीच्या भाजीचे तयार वाटे बाजारात विकत मिळतात, आणि त्यांतला सुरण कुठल्या शेतातला, तिथे नांगर चालला की ट्रॅक्टर, हे विकणारीलाही ठाऊक नसते. बाजारातून भाजी आणण्यात गैर काही नाही. पण ज्या गावात ती विकत घ्यावी लागते, त्या गावाच्या परड्यांचे काय झाले आहे हे त्यावरून समजते.

ही घसरण कशाने झाली, याची कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. पहिले कारण पाण्याचे. घरात बाथरूम झाले, सांडपाण्याचा पाइप थेट शोषखड्ड्यात गेला आणि केळी-अळू कोरडे पडले. डासांची पैदास थांबावी म्हणून शोषखड्डा हवा, हे मला मान्य आहे. परंतु सांडपाणी परसबागेकडे वळवणे हाही मान्य पर्याय असताना, बहुतेक ठिकाणी ठेकेदाराला सोपा पडतो म्हणून खड्डाच खणला जातो. एकाच ग्रामपंचायतीत एक योजना परसबाग लावायला सांगते आणि दुसरी योजना तिचे पाणी जमिनीत पुरते, याचा मेळ कुणीतरी घालायला हवा. दुसरे कारण वईचे. झाडाझुडपांची वई गेली आणि चिऱ्याची भिंत आली, तिच्याबरोबर अडुळसा, निर्गुडी, शेवगा आणि मिरवेलीचा पांगाराही गेला. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, ते दिसतात छान, पण अबोलीला जागा उरत नाही.

माकडांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण कोकणातल्या कुणालाही ते नव्याने सांगायला नको. केळीचा घड, शेवग्याच्या शेंगा, कोवळी पडवळे, पेरू यांपैकी काहीही माकडांच्या टोळीपुढे टिकत नाही. जे माकड खात नाही तेवढेच लावायचे, असा निर्णय अनेक घरांनी मुकाट्याने घेतला आहे. कंद जमिनीखाली असतात म्हणून ते सुरक्षित मानावेत तर तिथे रानडुक्कर आणि साळिंदर पोचतात. आंबा-नारळाच्या नुकसानीसाठी माणूस निदान अर्ज तरी करतो, चार वेल कणगी गेल्या म्हणून पंचनामा मागायला कुणी जात नाही.

याहून खोल कारण बंद घरांचे आहे. चाकरमानी चतुर्थीला आणि मे महिन्यात येतो, उरलेले वर्ष कुलूप असते. अशा परड्यात नारळ, फणस, आंबा उभे राहतात, म्हणून लांबून पाहणाऱ्याला सगळे जिथल्या तिथे आहे असे वाटते. पण दरवर्षी हाताने खणावे, लावावे, बी धरून ठेवावे लागणारे जे असते, ते काही पावसाळ्यांतच निघून जाते. मातीत राहिलेले कंद काही काळ आपले आपण फुटत राहतात, मग डुकरे त्यांचा फडशा पाडतात आणि मोकळ्या जागेवर रानमोडीचे तण माजते. झाडे मोजून परड्याची विविधता मोजली असे समजणाऱ्यांनी हा भेद ध्यानात घ्यावा. आधी नाहीशी होते ती वेल, कंद आणि पालेभाजी, झाडांचा क्रमांक बराच नंतर लागतो.

आता वाटप होणाऱ्या पाकिटांकडे वळते. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, गवार असा साधारण ऐवज त्यांत असतो. यांतल्या एकाही भाजीला मी नावे ठेवणार नाही. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जून-जुलैमध्ये मेथी आणि पालक पेरायला देणे म्हणजे बी सडवायला देणे आहे. आमच्याकडे माठ, मुळा, वाल, चवळी यांचा खरा हंगाम भात कापल्यावर, जमिनीतल्या ओलीवर सुरू होतो. तीच पाकिटे ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतील. पाकिटावर ‘संकरित’ असे छापलेले असेल तर त्याचे बी धरून उपयोग नसतो, कारण पुढच्या पिढीत तसेच फळ येईल याचा भरवसा नाही. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा पाकिटाची वाट पाहणे आले. गोल वाफ्यांच्या आखणीचेही तसेच आहे. सपाट आणि कमी पावसाच्या भागात ती सोयीची असेल, पण उतारावरच्या आमच्या तांबड्या मातीत पहिल्याच मोठ्या सरीबरोबर वाफ्याची कड वाहून जाते. आमच्या बायका मातीचा उंच वरंबा करून त्यावर पातेरा पसरतात, ते काही उगाच नाही.

विद्यापीठांचे आणि रोपवाटिकांचे योगदान मी नाकारत नाही, आणि जुने ते सगळे सोने असाही माझा दावा नाही. कोकमाचे उदाहरण घ्या. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षे जातात. तेवढी वर्षे जागा अडवून शेवटी फळ नाही, अशी पाळी लहान परड्याला परवडत नाही, म्हणून इथे कलमच लावले पाहिजे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण हरितपर्णी’ ही अळूची जातही परड्यात खुशाल यावी. मात्र ती काकींच्या जुन्या अळूशेजारी लागावी, त्याला उपटून त्याच्या जागी नव्हे.

मोजदादीचा मुद्दा मी एवढा लावून धरते त्याला कारण आहे. शेतातल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर होते आणि आता ई-पीक पाहणीतही होते. गावठाणातल्या घरामागच्या जागेला सातबारा नाही, तिला मिळकत पत्रिका असते आणि मिळकत पत्रिकेला अळू-सुरणाशी काही देणेघेणे नसते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा हा घोळ सगळ्यांनी पाहिला. काही गुंठ्यांत दाटीने उभ्या असलेल्या पोफळींना हेक्टरी दराने मदत मोजली तर हातात काहीच पडत नाही, म्हणून अखेर शासनाला नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला झाडामागे ५० रुपये असा दर ठरवावा लागला. तो निर्णय योग्य होता. तरीही त्या पोफळीवरची मिरवेल कोणत्या रकान्यात धरायची, हा प्रश्न उरतोच.

ज्या ठिकाणी परड्याची नोंद हमखास व्हायला हवी होती ते ठिकाण म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत समिती नेमून ही नोंदवही करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर राज्यभर त्या घाईघाईने लिहिल्या गेल्या. आमच्या गावची वही मी पानन्‌पान वाचली आहे. पिके, फळझाडे, औषधी वनस्पती, शोभेच्या वनस्पती, इमारती लाकूड असे वेगवेगळे तक्ते तीत आहेत. परिणाम असा होतो की काकींच्या परड्यातला फणस एका तक्त्यात जातो, अडुळसा दुसऱ्यात, अबोली तिसऱ्यात, आणि हे सगळे पाच गुंठ्यांत एका न्हाणीच्या पाण्यावर एकत्र नांदते, ही गोष्ट वहीत कुठेच उमटत नाही. अळूपुढे नुसते ‘अळू’ लिहिलेले आहे. त्यातले कोणते भाजीचे, कोणते वडीचे, कोणते खाजरे, याचा पत्ता नाही. वही लिहिणाऱ्या मंडळींनी बाप्यांना अंगणात बसवून विचारले, परड्यात जाऊन बायकांना विचारले नाही, असे ती वाचताना पदोपदी जाणवते.

हे काम साध्या माणसांना जमणारे नाही, असे कुणी म्हणू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी स्वतःच्या परसापासून सुरुवात करून गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचा सत्कार करताना आपण टाळ्या वाजवतो, पण आपल्या गावात पाकिटे वाटायची वेळ आली की त्यांच्या कामातला मुख्य धडा, म्हणजे बी गावातच शोधायचे, तेवढा विसरतो.

यासाठी वेगळा निधी लागेल असे मला वाटत नाही. नोंदवहीला एक पुरवणी जोडावी आणि तीत तक्त्याऐवजी घर हा घटक धरावा: एका घरामागे एक पान, त्यावर काय आहे, कशासाठी वापरतात, बेणे कुठून आले आणि देण्याइतके उरते का, एवढ्या चार गोष्टी. हे लिहिण्याचे काम बचत गटांतल्या महिलांकडे द्यावे आणि त्याचे मानधनही त्यांना द्यावे. जिथे घर बंद आहे तिथे शेजारीण सांगेल, कारण त्या परड्यात काय होते हे तिला मालकापेक्षा अधिक ठाऊक असते. शाळांच्या परसबाग स्पर्धांत निम्मे गुण गावातून जमवलेल्या वाणांना ठेवावेत. आज मुलांची धाव दुकानातल्या पाकिटापर्यंत जाते, मग ती आजीच्या चुलीवर टांगलेल्या शिराळ्यापर्यंत जाईल. आणि शाळेच्या गेटवर ‘परसबाग’ असा फलक रंगवायला जो खर्च होतो, त्यात दोन-चार पोती शेणखत सहज येईल, हे जाता जाता नमूद करते.

बेण्याच्या देवाणघेवाणीला नवा दिवस शोधण्याचीही गरज नाही. १ मे रोजी ग्रामसभा असते. कणगी, करांदे, सुरण, हळद यांचे बेणे तेव्हा घरात असते, पाऊस महिन्याभरावर आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे चाकरमानी गावात असतात, त्यामुळे बंद परड्यांच्या चाव्याही त्या दिवशी सभेत हजर असतात. ज्यांच्याकडे जास्तीचे आहे त्यांनी आणावे, ज्यांना हवे त्यांनी न्यावे आणि कोणी काय नेले हे वहीत लिहावे. पुढल्या १ मेच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असे पत्र आमच्या समितीने ग्रामपंचायतीला दिले आहे. कृषी विभागाने त्या दिवशी आपला एक कर्मचारी पाठवावा आणि पालेभाज्यांची पाकिटे या वर्षीपासून भातकापणीनंतर वाटावीत, एवढी विनंती आपल्या दैनिकाद्वारे करीत आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक,
जिल्हा सिंधुदुर्ग